तळाशी न बसलेलं सोनं

"मॅडम, हे सोनं तोंडाला लावलं तर माणूस उजळतो का?"

प्रश्न बाटलीनं विचारला होता, पण पैज तिच्या वर्गातल्या झिपरीची होती. मागे फिसकन हसू फुटलं. शाळेनं अख्ख्या वर्गाला ही प्रयोगशाळा दाखवायला आणलं होतं. प्रश्न विचारणारीला सगळे बाटली म्हणत, कारण तिच्या आईबाबांच्या दुकानातल्या, त्वचेला लावायच्या 'सुवर्णकण' सीरमच्या प्रत्येक बाटलीवर तिचाच हसरा फोटो होता. पूर्वी फळ्यासमोर उभं राहायचं म्हटलं की ती मागच्या बाकाआड दडायची. लेबलावर झळकल्यापासून मात्र स्वारीचा रुबाब काही औरच होता.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चंबू उचलला. आतलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लालभडक होतं.

"हे सोनंच. इतके बारीक कण केले की पिवळं राहत नाही, लाल दिसतं. ते जिवंत पेशीत पाठवायचं, आणि पेशी मारायची नाही. घोडं अडतं ते तिथेच."

पेशी ज्या खारट पाण्यात जगतात, ते त्यांनी सोन्याच्या लाल पाण्याच्या एका नळीत थेंबभर टाकलं. लाल रंग बघता बघता निळाजांभळा झाला. "हे उघडे कण. खारट पाणी लागलं की एकमेकांना चिकटतात, मग पेशीच्या काही कामाचे नाहीत." दुसऱ्या नळीतला लाल मात्र तेच पाणी टाकूनही हूं की चूं न करता तसाच राहिला. "यांना प्रथिनाचं अस्तर आहे. शिवाय बनवताना वापरलेली रसायनं धुऊन काढलीत. मागच्या खेपेला धुण्यात कसर राहिली आणि पेशी मेल्या. सगळं टाकून दिलं मी."

"सगळं? कुणाला कळलं असतं?" झिपरीनं विचारलं.

"पेशींना कळलं होतं की."

बाटलीला राहवलं नाही. तिनं दप्तरातून सीरम काढलं. "आमचंही बघा ना, मॅडम. यातही सोन्याचे नॅनोकण आहेत."

मॅडमनी लेबल वाचलं, फोटो बघितला, मग तिच्याकडे बघितलं. "खरंच बघू?"

"बघा की."

खारट पाणी पडलं तरी सीरमचा गुलाबी रंग बदलला नाही. पोरींनी टाळ्या पिटल्या. बाटलीची मान ताठ झाली.

"थांबा जरा. रंग न बदलण्याचं कारण दुसरंही असू शकतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी आपली लाल आणि बाटलीची गुलाबी अशा दोन्ही नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवल्या आणि ते यंत्र गरगर फिरवलं. नळ्या बाहेर आल्या तेव्हा मॅडमच्या नळीच्या तळाशी गडद लाल ठिपका बसला होता आणि वरचं पाणी नितळ होतं. बाटलीच्या नळीत वरही गुलाबी, खालीही गुलाबी.

"सोनं जड, ते तळाशी बसतं. यात बसायला काही नाहीच. नुसता रंग आहे, बाळा."

कुणी हसलं नाही. झिपरीसुद्धा नाही, आणि तेच जास्त झोंबलं.

घरी निघताना तिला आधी मॅडमचा राग आला, सगळ्यांसमोर कशाला दाखवायचं म्हणून. मग झिपरीचा आला. दुकान दिसलं तेव्हा त्या रागाला जायला दुसरी जागाच उरली नव्हती.

काउंटरपाशी वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. मनगटावर इस्त्रीनं भाजल्याचा जुना डाग, हातात नवी बाटली. "आलीस का गं? डाग काही हटत नाही मेला. पण म्हटलं, आपली पोर सांगतेय तर हटेल."

तिनं कधी काही सांगितलं नव्हतं. फोटोतल्या तिच्या तोंडून सीरमची बाटली सांगत होती. तिनं काकूंच्या हातातून ती हळूच काढून घेतली. "नका लावू हे. डॉक्टरांना दाखवा." काकू गोंधळून जिन्याकडे वळल्या.

"डोकं फिरलंय का तुझं?" बाबा म्हणाले.

"यात सोनं आहे का, बाबा?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईनं पुसलेलंच काउंटर पुन्हा पुसलं. "अगं, नावात असतं सोनं. गुलाबी साबणात काय गुलाब किसतात?"

"म्हणजे तुम्हा दोघांना ठाऊक होतं."

"सगळेच करतात," आई म्हणाली. "कुणाला अपाय तर झाला नाही ना?"

"कुणी बघितलं? त्या मॅडम पेशी मेल्या म्हणून केलंसवरलं टाकून देतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी. आणि आपल्याला समोर उभ्या असलेल्या काकू दिसत नाहीत."

"पोरींसमोर हसं झालं, म्हणून हा थयथयाट," बाबा म्हणाले.

"पोरी हसल्याच नाहीत, बाबा. हसत होते ती मीच, या लेबलावर."

तिनं लेबलाची कड नखानं उचकटली. कपाळ निघालं, हसू चिकटून राहिलं.

"उद्यापासून शाळा सुटली की मी काउंटरवर बसणार," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडे बघून जे जे ही बाटली घेऊन गेलेत, त्यांना मी याच तोंडानं सांगणार, यात सोनं नाही. तुम्ही आडवे येणार असाल तर आत्ताच सांगा. मग उद्याची वाट कशाला बघू? काकू अजून जिन्यातच असतील."