नागाच्या पोटातले पक्षी

मित्रांनो, मी हातमागावर टांगलेला जुना नक्षीपडदा आहे. मेकाँगकाठच्या गावात, खांबांवर उभ्या असलेल्या घराखाली माझं बिऱ्हाड. माझे उभे दोरे ताण्याच्या धाग्यांना बांधलेले आणि त्यांत ओवलेली प्रत्येक आडवी दोरी म्हणजे नक्षीची एक ओळ. कोणते धागे उचलायचे, कोणते सोडायचे, सारं माझ्या लक्षात असतं. लोक हल्ली कॉम्प्युटरच्या स्मरणशक्तीचं कौतुक करतात. करू देत. मी हे काम गावात वीज येण्याआधीपासून करतो आहे.

घरच्या विणकरणीने, बुआफानने, माझ्यात तिच्या आईची नागाची नक्षी जपली होती. त्या नागाची ओढणी देवळाच्या जत्रेत मिरवायची, तेव्हा इथे मागावर मीही मिरवायचो.

मग तिची लेक तिंगखाम शहरातून कॉम्प्युटर शिकून आली. तिने स्क्रीनवर चौकटी भरून स्वतःचा नाग काढला. यंदाच्या जत्रेला तोच खांद्यावर घ्यायचा, असा तिचा हट्ट. पण माझ्यात एका वेळी एकच नक्षी मावते. आजीच्या नागाच्या दोऱ्या काढायला बुआफानने साफ नकार दिला. आधी हाताने धागे उचलून वीतभर विणून दाखव, म्हणाली.

तिंगखामने विणलं. नाग देखणा होता, पण पोटावरचे रेशमी धागे लांबच लांब सुटे राहिले होते. बुआफानने त्यांत करंगळी अडकवली.

"तुझ्या कॉम्प्युटरला बोटं नाहीत ना, बाई. ही ओढणी घेऊन जेवायला बसलीस, तर भाताची टोपलीही मागोमाग येईल."

पोरगी रुसली, पण हटली नाही. स्क्रीनवर पुसायची, मागावर उसवायची. लांब धागे मधे मधे बांधायचे, तर तिथे ठिपके दिसत. तिने त्या ठिपक्यांचेच इवले पक्षी केले.

बुआफानने पुन्हा करंगळी फिरवली. कुठेच अडकली नाही.

"हे पक्षी कुठून आले गं?"

"तुझी करंगळी अडकली होती ना, तिथेच बसवले."

बुआफानने आजीचा नाग आधी लेकीला कॉम्प्युटरात चौकट न् चौकट उतरवून घ्यायला लावला. मग स्वतःच्या हाताने माझ्या दोऱ्या ओढून काढल्या आणि लेकीचा नाग ओवायला मला मोकळं केलं. "माझ्या आईनेही कुणाचा तरी नाग काढूनच हा बसवला होता," ती म्हणाली. मला ते ठाऊक होतं. तोही नाग मी पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी रिकामं होताना मला भीती वाटली आहे.

म्हणून मित्रांनो, मला जपायचं तर धुळीपासून, उंदरांपासून जपा, पण काचेमागे टांगू नका. माझ्यात नव्या दोऱ्या घालत राहा.

जत्रेत तिंगखाम तो नाग खांद्यावर घेऊन निघाली. बुआफान तिच्या मागे होती, आणि जो भेटेल त्याला थांबवून सांगत होती, "जरा बोट फिरवून बघ."