आण्णांच्या सोबतीला

नॅपकिनच्या कडेतून एक कान बाहेर आला होता — पांढरा, आतून गुलाबी, पातळ... वृंदानं तो बोटानं हलकेच आत ढकलला. मांजर नेताना डोळे झाकून न्यावं, नाहीतर वाट लक्षात ठेवून परत फिरतं, ही आण्णांचीच शिकवण. कुळगावातलं एकही मांजर ज्यांच्या ओळखीबाहेर नाही, असे तिचे सासरे. रिक्षा अंबरनाथ मागे टाकत होती आणि मांडीवरची टोपली मधूनच हलत होती.

कॅम्प पाच या सिंधी वस्तीतल्या एका बाईंनी पिल्लू मागच्या दारानं दिलं होतं. त्याच्या आईनं, मांजरीनं, पाहिलं तर घर डोक्यावर घेते म्हणे. अस्सल पर्शियन, बापाचा फोटोसुद्धा दाखवला मोबाइलवर... वृंदानं एवढंच विचारलं, हे बाहेर भटकत नाही ना? बाई हसल्या होत्या.

"ये कहीं नहीं जाती. जिसके पास छोडो, उसी की गोद में बैठी रहेगी."

हेच तर हवं होतं ना मला? घरात बसून राहील असं कुणीतरी... कारण आम्ही राहणार नाही. श्रीपादची पुण्याला बदली, तिथली जागा, पुष्करची शाळा — सगळं ठरलं, फक्त आण्णांना सांगायचं ठरेना. आधी त्यांना लळा लागू दे, मग सांगू, असं श्रीपाद म्हणाला, आणि मी शहाणीनं मान डोलावली. बाळंतपणात मला उठवत नव्हतं तेव्हा सासूबाईंच्या पश्चात याच माणसानं भाताची पेज करून पलंगाशी आणून दिली होती — आणि मी त्यांना बदली म्हणून मांजर नेतेय! शरम वाटते, अगदी मेल्याहून मेल्यासारखं होतं. तरी रिक्षा फिरव म्हणाले नाही.

आण्णा पायरीवरच बसले होते. टोपली पाहून त्यांचा चेहरा असा काही उजळला, की वृंदानं मान वळवली. त्यांनी नॅपकिन सोडला, पिल्लू तळहातावर घेतलं, ते बसकं नाक निरखलं आणि कुठल्या दारावर आपटलीस गं बाई, म्हणून त्यालाच विचारलं. मग त्याची हनुवटी खाजवत, तिच्याकडे न बघता म्हणाले,

"श्रीपादनं वाण्याकडे सामानासाठी खोकी सांगून ठेवलीत. वाणीच बोलला मला."

वृंदानं नॅपकिनची घडी करून रिकाम्या टोपलीत ठेवली.

"जा तुम्ही. पण हिलाही न्या. माझ्या मागे हिला कोण बघणार?"

पिल्लू तिच्या हातात देऊन ते दूध कोमट करायला आत गेले.

रागावले असते तर बरं झालं असतं... पण पहिल्यांदा तिला वाटलं ते असं — सुटले! सांगायचं टळलं. आणि मग त्या सुटण्याचीच किळस आली. पिल्लू कुशीत शिरून निमूट पडलं होतं. खरंच, कुठेच जात नव्हतं.

आण्णा, तुम्हीही चला... एवढं साधं वाक्य, इतक्या दिवसांत श्रीपादच्या किंवा तिच्या मनातही आलं नव्हतं. आता ते ओठांशी होतं, आत भांड्याचा आवाज येत होता, आणि ते 'हो' म्हणतील याचीच तिला भीती वाटत होती.