घागरीला गोवर

महामखम तळ्याच्या पायऱ्यांवर त्या शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. गावात गोवराची साथ होती; गोवर म्हणजे अंगावर आलेली देवीच, असे लोक मानत. आणि तिरुनागेश्वरमकडून माळस्वामी आला होता. कपाळभर विभूती, समोर टोपली, टोपलीत हिरव्या देठांच्या तुकड्यांच्या ताज्या माळा.

“ही माळ नव्हे अम्मा, ही देवीची शिडी!” तो ओरडत होता. “आज गळ्याशी आहे, रोज बोट बोट वाढेल. बेंबीला टेकली की देवी खाली उतरली! फक्त माळेला पाण्याचा थेंब लागू देऊ नका. आणि डॉक्टरची सुई? टोचून बघा! देवी याच शिडीने परत वर चढेल, मग माझ्या नावाने रडू नका.”

नागलक्ष्मीने आपल्या थोरल्याला उचलून सगळ्यांना दाखवले. माळ बेंबीला टेकली होती आणि पोरगा दहीभात मागत होता. बायकांनी भक्तिभावाने गालांवर हात मारून घेतले. अंबुजा गर्दीच्या कडेला उभी होती. दोन वर्षांची तुळसी तापाने तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. सकाळीच कानामागे पुरळ उठले होते.

“घे ग, विचार कसला करतेस?” नागलक्ष्मी म्हणाली.

अंबुजाने माळ घेतली.

त्या दिवसापासून दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला आणि घर गल्लीतून वेगळे झाले. देवी आलेल्या घरात कोणी पाऊल टाकत नसे. दूधवाला उंबऱ्याबाहेरच्या भांड्यात लांबूनच धार ओती. नवरा शामसुंदर रेल्वेत, विळुपुरमला. सासू नाही, आई नाही. दिवसभर मोठ्या माणसाचा एक शब्द कानावर पडत नसे. ती तुळसीशी बोले; तुळसी नुसती कण्हत असे.

परसातल्या भिंतीपलीकडे अप्पाजी राहत. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, एकटे. बोलण्याआधी दोनदा खाकरत.

“अंबुजा, कुठेसे वाचले होते मी... गोवर आपला आपण जातो म्हणे. पण मागाहून छातीचे... जाऊ दे. पुस्तकातले आपले. मला काय कळते?”

“माळ वाढतेय, अप्पाजी. तीन बोटे वाढली.”

“असे का? मग बरे.” आणि भिंतीवरचे डोके खाली गेले.

सातव्या दिवशी पुरळ काळपट पडले, उतरलेला ताप मात्र पुन्हा चढला. नागलक्ष्मीने रस्त्यातूनच विचारले, “माळ कुठवर आली?”

“छातीखाली, अक्का. पण ताप...”

“माळ उतरतेय ना? मग तापाचे काय घेऊन बसलीस!”

त्या सकाळी खाजेने वैतागून तुळसीने माळ ओरबाडली आणि जमिनीवर फेकली. पडलेली माळ स्वामीला विचारल्याशिवाय पुन्हा कशी घालायची? अंबुजाने देवीची माफी मागितली आणि परसात उन्हात ठेवलेल्या पितळी घागरीच्या गळ्यात माळ अडकवून ठेवली. घागरीला मध्यावर एक जुना पोचा होता. माळेचे टोक बरोबर पोच्याला टेकले.

दुपार उलटल्यावर ती तुळसीला मांडीवर घेऊन मागच्या पायरीवर बसली. सहज नजर गेली. टोक पोच्याच्या खाली लोंबत होते. तिने बोटे लावली. चार बोटे.

घागरीला तर गोवर झाला नव्हता!

तिला हसू आले. ऐकायला कोणी नव्हते, म्हणून ते अर्ध्यातच विरले. तिने माळ हातात घेतली. सात वर्षांची असल्यापासून ती रोज संध्याकाळी मोगऱ्याचे गजरे बांधत होती. दुसऱ्या दिवशी फूल सुकले की गाठ कशी सैल पडते, हे तिच्या बोटांना पाठ होते. इथेही तेच होते. देठाच्या प्रत्येक ओल्या तुकड्याभोवती दोऱ्याचा एक वेढा. तुकडा वाळून बारीक झाला की वेढा सैल पडतो, त्यातला दोरा सुटतो आणि माळ तेवढी लांबते; उन्हात तर झपाट्याने. पाण्याचा थेंब का नको, तेही कळले: ओला देठ वाळणार कसा?

म्हणजे या माळेला तुळसीचे काहीच ठाऊक नव्हते. मग सात दिवस आपण बघत कोणाकडे होतो?

तिने तुळसीकडे पाहिले. नाकपुड्या फुलत होत्या. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

“अप्पाजी!” ती किंचाळली. “छातीचे काय म्हणत होतात तुम्ही?”

या वेळी ते खाकरले नाहीत. भिंतीवरून त्यांचे साखळीचे घड्याळ खाली आले. “एक मिनिट श्वास मोज.”

“चौसष्ट.”

“चाळीसच्या आत हवे, असे वाचलेय. माझे चुकत असेल, पोरी. चुकले तर बरेच होईल. पण चल, मी येतो.”

डहाळा बाजूला सारून ती तुळसीला घेऊन बाहेर पडली. मागून अप्पाजी, कोटाची बटणे खालीवर लावलेले. पटापट दारे लागली. नागलक्ष्मी खिडकीतून ओरडली, “सुई टोचून आणशील आणि गल्लीला भोगायला लावशील!”

डॉक्टरांनी छाती तपासली, न्युमोनिया म्हणाले आणि पेनिसिलिन टोचले. “उद्यावर टाकले असते तर...” पाचव्या दिवशी तुळसीने भात मागितला.

गल्ली मात्र बोलेना. अंबुजाने अप्पाजींकरवी नवी माळ आणवली, घागरीवर चढवली आणि घागर पुढच्या ओट्यावर मांडली. “घागरीला गोवर झाला काय ग?” जाणारेयेणारे टोमणे मारत. “हो. बरी होतेय, बघा ना,” ती म्हणे. माळ रोज लांबत गेली. हसणारे थांबून बघू लागले. पुढच्या शुक्रवारी तळ्याच्या पायऱ्यांवर टोपली दिसली नाही.

देठ आपले आपण वाळतात, आणि गोवरही बहुतेक मुलांचा आपला आपण जातो. स्वामीने दोन्ही एका दोऱ्यात ओवले, एवढीच त्याची करामत. ज्या मुलाचा जात नाही, त्याच्यासाठी त्या टोपलीत काही नव्हते. घरात मूल आजारी असेल तर माळ मोजू नका, त्याचा श्वास मोजा आणि वेळेवर डॉक्टर गाठा.

एका संध्याकाळी अंबुजाच्या ओट्याची पायरी कोणीतरी चढले. कितीतरी दिवसांनी. नागलक्ष्मी होती, खांद्यावर धाकटा, धापा टाकणारा. घागरीकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

“अंबुजा,” ती म्हणाली, “अप्पाजींचे ते घड्याळ मागतेस का ग जरा?”