काचेच्या पेटीतला दमा

माह्या पोरीनं, रंजीतानं, चामोर्शीच्या एसटीडीवर निरोप देल्ला, "माय, अडुळसा संपला, घेऊन ये." मग काय! गावभर सांगत सुटली मी. माह्या दम्याचं औषध माहीच पोरगी काढून राह्यली, म्हटलं, अन् तेही आपल्या कुंपनावरच्या पाल्याचं! पोतडी भरली अन् गेली चांद्याले.

ती औषधं बनवाचं शिकते त्या कॉलेजात तिनं मले आत नेलं. लय खुशीत होती. "पाह्य माय, तुह्या पाल्याचं काय होते ते." अंगात पांढरा कोट, मनगटावर घड्याळ. ते घड्याळ मीच घेऊन देल्लं होतं, मोहाफुलं इकून, ती बारावी पास झाली तवा. टेबलावर काचेची पेटी, अन् पेटीत सशाच्या पिल्लाएवढा गिनीपिग. ती म्हने, अर्ध्या जनावराईले आपला अर्क पाजला, अर्ध्याईले नाई. मग पेटीत दम लागाच्या दवेचा फवारा सोडाचा, अन् कोनाले किती वेळानं दम लागते ते घड्याळावर पाहाचं.

"याले पाजला नाई," ती म्हने. "हा शेवटचा. हा झाला का माहं काम संपलं."

फवारा सुटला. जरा वेळ तो नाक चोळत बसला. मग मान लांब केली, तोंड वासलं, पोट भात्यावानी हालाले लागलं. अगा माय, हे तं मीच! थंडीत खाटेवर माही मान अशीच तानते.

"अवो काढ त्याले! मरते ना ते!"

"थांब माय, एवढ्यात काढतोच. हात नको लावू." तिची नजर घड्याळावर.

काऊन थांबू? दम लागला म्हंजे काय ते मले इचारा! पाहवलंच नाई. मी झाकन उघडलं.

सारा फवारा माह्याच तोंडावर. जनावर राह्यलं बाजूले, मीच खाली बसली. श्वास आत जाईना. डोळे वर करून पोरीकडे पाह्यलं. अन् पोरगी घड्याळ पाहून राह्यली होती.

पापनी लवाच्या आत तिले समजलं. "माय वो!" म्हनून धावली, पाल्याची पोतडी बाजूले सारून माह्या पिशवीतला दम्याचा पंप काढला अन् तोंडाले लावला.

श्वास परत आला. गिनीपिगही कोपऱ्यात नीट बसला होता. त्याले तं ती काढनारच होती. मीच अडानी, तिचं शेवटचं काम नासवलं. आता आनखी एक जनावर पेटीत जाईन, तेही माह्यामुळं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मले.

"चुकलं माहं," म्हटलं.

"माय, मी तुह्याकडे..." ती रडाले लागली.

"राहू दे," मी म्हटलं. पन मी पाह्यलं होतं, अन् मी पाह्यलं हे तिले माहीत होतं.

स्टँडवर सोडाले आली. गावात कोनतं तोंड दाखवू, या इचारात मी सहज बोलून गेली, "किती वाजताची गाडी, पोरी? अन् आता वाजले किती?"

तिनं हात वर केला. अर्ध्यातच थांबली, हात मागं लपवला अन् मान खाली घातली. माहीही मान वर होईना. काऊन इचारलं मी!

"कंडक्टरले इचारून येतो," ती म्हने, अन् गर्दीत गेली.