उसवलेल्या बाह्या

भाताची लावणी उरकली होती. सज्ज्यातल्या बाकावर बसून औनी धाकट्या लेकीच्या, पांगच्या, लग्नाच्या अंगरख्याची बाही भरत होती. निळीत बुडवून, कुटून चकाकी आणलेल्या कापडावर लाल रेशमाचं फुलपाखरू उतरत होतं. सगळी माणसं त्या फुलपाखराच्या अंड्यांतून आली, असं डोंगरातल्या म्हाताऱ्या सांगत. बाईच्या बाहीवरून तिचं गाव कळायचं, आई कळायची. मेल्यावर पूर्वजसुद्धा बाही बघूनच तिला आपल्यात घेत.

तेवढ्यात तिचा थोरला भाऊ तांगक्यू बदक आणि दारूचा घडा घेऊन दारात उभा राहिला. औनीनं सुई कापडात खोचली.

"कापणी झाली की पांगला न्यायला येतो," बसता बसता तो म्हणाला.

"दादा, थोरली लेक दिली होती ना तुझ्या पोराला? तीन बाळंतपणं, एकही मूल जगलं नाही. तिसऱ्या खेपेला तीही गेली. वैद्य म्हणाला, एवढ्या जवळच्या रक्तात—"

"वैद्याला काय कळतंय! तू आमच्या घरातून गेलीस, तुझी लेक आमच्या घरात परत यायची. ही रीत काय मी काढली? माझ्या पोरानं काय जन्मभर एकट्यानं चूल फुंकायची?"

"डोंगरापल्याड पोरींचा दुष्काळ पडलाय का?"

तांगक्यूनं घडा आपटला. "बरं. मग तू मेलीस की मी यायचा नाही. माहेरच्यानं तोंड पाहिल्याशिवाय मेलेल्या बाईची पेटी बंद होत नाही. राहा पडून तशीच!"

औनीचा नवरा चुलीपाशी बसला होता. "हक्कच आहे गं त्यांचा," एवढंच तो पुटपुटला.

कापणी झाली आणि तांगक्यू बायको-पोरांना घेऊन आला. त्या दुपारी औनीनं सगळ्यांसमोर कात्री घेतली आणि तीन वर्षांच्या कामाच्या दोन्ही बाह्या उसवून काढल्या.

"अंगरख्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही. आता न्या, कशी नेता ते!"

भावजय हसली. "एवढंच ना?" तिनं अंगातला अंगरखा उतरवला आणि पांगला घातला.

सतरा वर्षांची पांग त्या परक्या नक्षीकडे बघत राहिली. "आई, ह्या कुणाच्या बाह्या गं? मला आता ओळखणार कोण?"

औनीनं तिचा हात धरला. दोघा भाच्यांनी औनीची बोटं एकेक करून सोडवली. उंबऱ्या-उंबऱ्यात बाया उभ्या होत्या. बहुतेकींना असंच आणलेलं.

वर्षानं पांगला मुलगा झाला. सहा महिन्यांनी कळलं, त्याला ऐकू येत नाही.

ही बातमी आली त्याच आठवड्यात शेजारीण लेकीला घेऊन औनीकडे आली. "तुझ्यासारखी बाही अख्ख्या गावात कुणाची नाही. हिला शिकव ना. हिच्या मामाचं बोलणं झालंय, त्याच्या पोरासाठी."

"केवढी आहे?"

"बारावं सरलं."

मुलगी मन लावून टोपलीतले रेशमाचे रंग बघत होती. औनीनं सरकून बाकावर जागा करून दिली.