काचेच्या पेटीतली ढोलकी

मित्रांनो, मी घणसोली गावातली एक जुनी ढोलकी आहे आणि रागानं नुसती धुमसते आहे. आज मला बोलू द्या!

तुळशीरामनं आंब्याचं खोड पोखरून मला घडवलं, दोन्ही तोंडांना चामडं ताणलं आणि आपल्या बायकोच्या, रंगूबाईच्या मांडीवर ठेवलं. रंगूबाई हळदीची गाणी म्हणते. आमच्या आळीची रीत अशी, की हळदीचं पहिलं बोट ढोलकीला. ती बोलली, की मगच नवरी पाटावर. किती नवऱ्या मी पाटावर बसवल्या! दोरी तुटली, चामडं फाटलं, पण कधी कुरकुरले नाही.

मग रंगूबाईच्या पुतण्याला, यशराजला, गावाचं पर्यटनस्थळ करायची हौस आली. 'गाण्यांचं गाव' अशी पाटी लागली. भिंतींवर गाणाऱ्या बायका रंगवल्या आणि पर्यटक खऱ्या बायकांना म्हणू लागले, "जरा बाजूला व्हा, फोटोत येताय." मला काचेच्या पेटीत कोंडलं. वर लिहिलं, 'हात लावू नये'. अरे, हात लावायचा नाही, तर माझा जन्म कशाला?

काल रंगूबाईच्या नातीची, दिशाची हळद होती. रंगूबाईनं मला पेटीतून काढलं, हळदीचं बोट लावलं आणि थाप मारली. ठप्प! पुन्हा मारली. ठप्प!

"यशराज, काय केलास रे हिला?"

"काय नाय काकी, वॉर्निश मारलं. फोटोत चमकते ना!"

चामड्याला वॉर्निश! गाढवाला गुळाची चव काय! दिशाचे डोळे भरून आले. "आजी, ढोलकी बोलल्याबिगर मी नाय बसनार."

रंगूबाईनं सरळ विळा उचलला.

"काकी, थांब! उद्या टुरिस्टांची बस येनार हाय!"

"येऊंदे. त्यांना तुझी पेटी दाखव. ही वाजवाची हाय, बघाची नाय."

तिनं दोरी कापली आणि दोन्ही चामडी ओरबाडून काढली. दुखलं मला, पण बरं वाटलं. हळद लग्नाच्या सकाळवर गेली. तुळशीराम नवं चामडं चढवत बसला.

आज सकाळी थाप पडली आणि मी अशी कडाडले, की सगळी आळी धावत आली! दिशा हसत पाटावर बसली. तेवढ्यात बस आली आणि पाहुण्यांनी फोन वर धरले. रंगूबाई ओरडली, "फोन ठेवा, टाळी धरा!"

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपायचं असेल तर तिला तिचं काम करू द्या. माझ्याकडे याल तर रिकाम्या हातांनी या. फोटोच हवा असेल, तर ती पेटी अजून तिथेच आहे.