पडेगावच्या गच्चीवरून दिसलेलं वादळ

मी एक जुनी डिश अँटेना आहे, मित्रांनो. पडेगावच्या एका कॉलेजच्या गच्चीवर माझा मुक्काम. वाळूजच्या एका कारखान्यात माझा पत्रा घडला. क्रेननं मला इथं चढवलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. उपग्रह ढगांची चित्रं पाठवायचा आणि मी ती झेलून खालच्या प्रयोगशाळेत पोचवायची. इथून समुद्र कितीतरी लांब, तरी त्यावरची वादळं आमच्या पडद्यावर दिसत. वर्तमानपत्रात माझा फोटोसुद्धा आला होता.

प्रयोगशाळेत ती चित्रं वाचायच्या करुणाताई. त्यांचा भाऊ अभय ट्रकनं वाळूजचा माल कोकणात न्यायचा. एका मे महिन्यात, बाष्पानं गच्च भरलेलं वादळ किनाऱ्याकडं सरकताना दिसलं. गच्चीवर रेंज चांगली, म्हणून ताई मोबाइल घेऊन धावत वर आल्या.

"अभय, घाट उतरू नको. वरच थांब."

"ताई, इथं तर कडक ऊन हाय!"

"असू दे. लई पाणी येतंय. माझं ऐक."

अभय थांबला. त्याच्यासोबत निघालेला फकिरा आपली गाडी घेऊन पुढं गेला होता. त्याला फोन करायचं अभयला सुचलं नाही. संध्याकाळी घाटात दरड कोसळली. फकिरा गाडीसकट तिच्याखाली गेला.

काही दिवसांनी फकिराची बायको अमृता गच्चीवर आली. ती रडत नव्हती.

"ह्याच्यात दिसलं व्हतं ना?" माझ्याकडं बघत तिनं ताईंना विचारलं.

"व्हय."

"मग आमच्या मालकाला कुणीच कसं नाय सांगितलं?"

त्या दिवशी भावाशिवाय कुणी ताईंच्या मनात आलंच नव्हतं. अमृता गेली तरी ताई तिथंच होत्या.

आता चित्रं मोबाइलवर येतात. माझी केबल काढली, बोल्ट गंजले, कबुतरं बसतात. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. जमलं तर आमच्यासारख्यांना थोडं तेलपाणी करा, मित्रांनो. पण आकाशात काही दिसलं, तर ते फक्त आपल्या माणसाला सांगून खाली उतरू नका.

समुद्रावर ढग जमले की ताई अजून वर येतात. ओळखीच्या-अनोळखी ड्रायव्हरांना एकेक करून फोन लावतात. कुणी हसतं, कुणी फोन ठेवून देतं. ताई पुढचा नंबर लावतात.